सगळे बसले का?

आमच्या घरी कोशिंबीर बाबांची. आमटीला उकळी आली की आई स्वयंपाकघरातून हाक मारायची, "अहो, काकडी घ्या चोचवायला." बाबा वर्तमानपत्राची घडी घालून उठायचे, हात धुवायचे आणि तसराळं, सुरी, काकड्या घेऊन जेवणाच्या टेबलाशीच बसायचे. मिरजेच्या त्या घरात ओट्याशी दोन माणसं मावत नसत.

काकडी चोचवणं हे मी त्यांच्याकडूनच शिकले. आधी देठाकडचं टोक कापून जिभेला लावून बघायचं, कारण कडवटपणा असलाच तर त्याच बाजूला जास्त असतो. मग साल काढायची. सोललेली काकडी डाव्या हातात उभी धरायची आणि सुरीने वरून खाली, जवळजवळ, बारीक वार करत जायचं. काकडी बोटांनी हळूहळू फिरवत राहायची. चारी बाजूंनी भेगा पडल्या की वरचा थर पातळ कापायचा. तो तसराळ्यात पडतापडताच त्याचा चुरा होतो. मग आतल्या थरावर पुन्हा वार. टक टक टक असा एकसारखा आवाज यायचा. तो थांबला की आई समजायची, पानं घ्यायला हरकत नाही.

किसणीवर हेच काम दोन मिनिटांत होतं. पण किसलेली काकडी लगेच पाणी सोडते आणि तिचा लगदा होतो. चोचवलेली दाताखाली कुरकुरते. बाबांना किसणी कधी पटली नाही, मलाही पटत नाही.

तसराळ्यात काकडीवर दाण्याचं कूट, ओलं खोबरं, कोथिंबीर, चिमूटभर साखर. आई छोट्या कढल्यात तुपाची फोडणी करायची, जिरं, हिंग आणि हिरवी मिरची घातलेली. ती जरा निवली की वर ओतायची. मग घट्ट दही. ते घुसळायचं नाही, चमच्याने नुसतं मोडायचं आणि खालून वर हलक्या हाताने कालवायचं. इथपर्यंत सगळं तयार असायचं, फक्त मीठ नसायचं. मिठाची वाटी बाबांच्या उजव्या हाताशी. चिमूट भरून ते विचारायचे, "सगळे बसले का?"

आई पोळीवर तूप लावता लावता म्हणायची, "तुम्ही सुरू करा, मी आलेच."

"मग मीठ थांबलंय," बाबा म्हणायचे.

आणि खरंच थांबायचं. आम्ही भावंडं भुकेने कासावीस झालेली असायचो, समोर वाफाळता वरणभात असायचा आणि बाबा चिमूट धरून बसलेले. शेवटी आई गॅस बंद करून, पदराला हात पुसत यायची. ती पाटावर, आणि पुढे टेबल आल्यावर खुर्चीवर, टेकली की मग मीठ पडायचं, एकदा कालवलं जायचं आणि सगळ्यांना वाढलं जायचं.

मला कितीतरी वर्षं वाटत होतं की हा नुसता चवीचा मामला आहे. चवीचा तो आहेच. काकडीत जवळपास ९५ टक्के पाणी असतं. मीठ लागलं की पेशींमधलं पाणी बाहेर ओढलं जातं, आणि आपण म्हणतो कोशिंबिरीला पाणी सुटलं. दहा मिनिटांत दही सैल होतं, वीस मिनिटांत तसराळ्याच्या तळाशी फिकट पाणी साचतं, दाण्याचं कूट फुगून बसतं. टोमॅटोचं तेच, मुळ्याचं तेच, कांद्याचं थोडं कमी. गाजर-बीट जरा दम धरतात. आमटी दुपारची रात्री जास्त चांगली लागते, लोणचं वर्षभर मुरतं. कोशिंबिरीला मुरणं माहीत नाही. तिचं सगळं आयुष्य मीठ पडल्यापासून पान उठेपर्यंतचं.

आपल्या ताटात तिची जागा डावीकडे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं अशी ती बाजू. उजवीकडे भाज्या आणि आमटी, मध्ये भात. डाव्या बाजूचे पदार्थ तोंडी लावायचे, म्हणजे मागून पुन्हा पुन्हा वाढायचे नाहीत, पोट त्यांनी भरायचं नाही. त्यामुळे असेल, पण पाहुण्यांसमोर 'काय केलंय' याची यादी सांगताना कोशिंबिरीचं नाव सगळ्यात शेवटी येतं, कधी येतच नाही. मला ते नेहमी लागतं. तिखट रस्सा जिभेवर जाळ करतो तेव्हा आपण पाण्याचा पेला उचलतो आणि काही उपयोग होत नाही. मिरचीचा जहालपणा पाण्यात विरघळत नाही. दह्यातली स्निग्धता आणि प्रथिनं मात्र त्याला धरून नेतात. एक घास कोशिंबिरीचा घेतला की जीभ पुन्हा नव्याने चव घ्यायला मोकळी. उजवीकडची भाजी शेवटच्या घासापर्यंत भाजीसारखी लागते ती या डावीकडच्या चमचाभर दह्यामुळे.

नावांचा गुंता आमच्याकडे लहानपणापासून होता. कच्चं ते बारीक चिरून कालवलं तर कोशिंबीर. भाजून किंवा उकडून, कुस्करून दह्यात घातलं तर भरीत. आता वांग्याचं भरीत म्हटलं की जळगावकडचे लोक दह्याचं नावही काढू देणार नाहीत. तिकडे भाजलेलं हिरवं वांगं, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि सढळ तेल, आणि तसंच ते खावं. पण आमच्या भागात दह्यातलं भरीत म्हणजे रोजचंच, आणि लाल भोपळ्याचं, दुधीचं, तळलेल्या भेंडीचंही. पचडी म्हणजे आईच्या बोलीत कोबीची किंवा मुळ्याची, बहुधा फोडणी दिलेली, दही असो वा नसो. शेजारच्या काकू धारवाडच्या. त्यांच्याकडून वाटी यायची तेव्हा त्या म्हणायच्या 'मोसरु बज्जी'. मोसरु म्हणजे दही. 'बज्जी' ऐकून आम्ही मुलं गरम भज्यांच्या आशेने वाटीवरचं झाकण उघडायचो आणि आत भाजलेल्या वांग्याचं दह्यातलं भरीत निघायचं. आमच्या भिंतीपलीकडे तोच पदार्थ दुसऱ्या भाषेत नांदत होता.

राहिलं रायतं. या शब्दावर मी फार दिवस अडले होते. उत्तरेकडे दह्यात काहीही घातलं की रायता: बुंदीचा, बथुव्याचा, पुदिन्याचा. म्हणून मला वाटे की रायतं म्हणजे दही. मग एका मे महिन्यात कोकणात मावसबहिणीच्या सासरी रायवळ आंब्यांचं रायतं खाल्लं आणि त्यात दह्याचा थेंब नव्हता. छोटे रसाळ आंबे कोयीसकट, गूळ, वाटलेलं खोबरं आणि मोहरी. गोव्यात त्यालाच सासव म्हणतात, तेही मोहरीवरूनच. तेव्हा लक्षात आलं, रायत्यातली खरी मालकीण राई आहे. दही नंतर तिच्या घरी राहायला आलं. पुढे पुढे राई निघून गेली, दही राहिलं, आणि पाटीवरचं नाव तेच राहिलं.

ती राई आमच्याकडे मात्र अजून आहे. आई लाल भोपळ्याच्या भरितात फेसलेली मोहरी घालते. हे काम मी सावकाश सांगणार आहे, कारण मोहरी फेसणं आता घराघरांतून जात चाललंय आणि मला त्याचं वाईट वाटतं.

चमचाभर मोहरी दगडी खलात घ्यायची. आधी कोरडी ठेचायची, म्हणजे काळपट सालाखालून पिवळा गर दिसायला लागतो. मग थेंब थेंब पाणी घालत बत्ता गोल फिरवायचा. सुरुवातीला काही कळत नाही, ओल्या पुडीसारखा वास येतो. पण घोटत राहिलं की रंग उजळतो, पांढरट फेस यायला लागतो, आणि एका क्षणी अचानक नाकात झिणझिण्या येतात, डोळ्यांत पाणी उभं राहतं. आई तोंड बाजूला वळवून म्हणायची, "आली." म्हणजे मोहरी आली. ती दह्यात कालवायची, दही भोपळ्यात, मग मीठ-साखर. भोपळ्याचा गोडवा, दह्याचा आंबटपणा आणि मागून नाकात चढणारी ती कळ. एवढ्या साध्या भोपळ्याला इतकं अंग देणारं दुसरं काही मला ठाऊक नाही.

फोडणीतली मोहरी अशी का लागत नाही, हे मी मोठेपणी वाचून समजून घेतलं. मोहरीच्या दाण्यात तिखटपणा तयार नसतो. एका कप्प्यात एक द्रव्य आणि दुसऱ्या कप्प्यात त्याला फोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, असे ते वेगळे ठेवलेले असतात. दाणा ठेचला आणि पाणी मिळालं की दोघं भेटतात आणि तेव्हा तो झणका जन्माला येतो. उकळत्या तेलात पडल्यावर ते विकरच मरतं, म्हणून तडतडलेली मोहरी खमंग लागते, पण नाकात जात नाही. आईने यातलं काही वाचलेलं नव्हतं. "फेसून जरा ठेव, लगेच घालू नकोस, आणि गरम भोपळ्यात तर अजिबात नको," एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. शास्त्राशी ते अगदी जुळतं: झणका यायला काही मिनिटं लागतात, आणि उष्णतेने तो उडतो.

नंतर हीच कच्ची मोहरी मला दोनदा अनपेक्षितपणे भेटली. एकदा अल्मोड्याच्या रस्त्यावर एका छोट्या खानावळीत, जिथे पिवळ्या पिकल्या काकडीचा किस, दही, हळद आणि वाटलेली राई असा कुमाऊंनी रायता पुरीबरोबर समोर आला आणि पहिल्याच घासाला डोळे भरून आले. दुसऱ्यांदा कोचीला मैत्रिणीच्या घरी, ओणमच्या सद्येत, म्हणजे सणाच्या जेवणात. केळीच्या पानावर अननसाची गोडसर पचडी होती आणि तिच्याशेजारी काकडीची किच्चडी. दही, वाटलेलं खोबरं, हिरवी मिरची आणि ठेचलेली कच्ची मोहरी. खिचडीशी तिचा काही संबंध नाही. मी मैत्रिणीच्या आईला खुणेनेच विचारलं, बत्ता फिरवल्यासारखा हात करून. त्यांनी तशीच मान हलवली, तसाच हात केला. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती. आल्यावर आईला ते सांगितलं तर ती बराच वेळ खूश होती.

दह्याविषयी लिहायला बसले तर वेगळाच लेख होईल. विरजण लावताना आई दुधात करंगळी बुडवून बघायची. बोटाला गरम लागलं पाहिजे पण चटका बसता कामा नये, म्हणजे साधारण ४० ते ४५ अंश. विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचं आम्ल करतात, आणि आंबटपणा वाढत पीएच ४.६ च्या आसपास आला की दुधातली प्रथिनं एकमेकांना धरतात आणि दही लागतं. दही 'लागतं' हा शब्द मला फार आवडतो. झाड लागतं, झोप लागते, लळा लागतो, तसं दही लागतं. पूर्ण लागायच्या आत, अर्धवट आंबटगोड अवस्थेत असतं ते अदमुरं. कोशिंबिरीला त्याच्या जरा पुढचं, ताजं, कवडीसारखं घट्ट दही हवं. एक दिवसाचं आंबटलेलं दही भरिताला चालतं. त्याहून जुनं झालं की कढी.

घराघरांतलं विरजण सारखं नसतं, त्यात राहणारे जिवाणू घरागणिक वेगळे असतात. धारवाडच्या काकूंचं दही आमच्यापेक्षा दाट लागायचं. आमचं बिघडलं, तार सुटायला लागली, की आई मला वाटी देऊन त्यांच्याकडे पाठवायची आणि आठवडाभर आमच्या कोशिंबिरीला त्यांच्या घरची चव यायची. म्हणून 'उत्साहावर विरजण पडलं' हा वाक्प्रचार मला कधी मनापासून वापरता आला नाही. दूध नासलं असं ज्याला वाटलं त्याने तो केला असणार. आमच्याकडे विरजण पडलं म्हणजे उद्याच्या जेवणाची तजवीज झाली.

२०२३ च्या मार्चमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने दह्याच्या पाकिटांवर 'दही' हा शब्द छापायला सांगितला आणि तमिळनाडूतून जोराचा विरोध झाला. मग महिनाअखेरीस प्राधिकरणाने इंग्रजी 'कर्ड' या शब्दापुढे कंसात तयिर, मोसरु, पेरुगु असा आपापला शब्द छापायची मोकळीक दिली. पुण्यातल्या माझ्या ओळखीच्यांना तो वाद किरकोळ वाटला होता. मला वाटला नाही. काकूंची वाटी 'मोसरु' म्हणूनच आमच्या घरी यायची. ती 'दही' म्हणून आली असती तर तिच्यातलं काहीतरी भिंतीपलीकडेच राहिलं असतं.

मागच्या वर्षी एका लग्नाला गेले होते. भलामोठा हॉल, चाळीसेक पदार्थ, टोकाला एका मोठ्या भांड्यात कोशिंबीर. सकाळी केव्हातरी मीठ घालून ठेवलेली. वर दह्याचं पाणी, त्यात काकडीचे फिके तुकडे तरंगत होते. वाढणारा मुलगा झाऱ्याने खालचं घट्ट शोधून माझ्या ताटात घालत होता आणि मागे रांग ताटकळत होती. त्या मुलाचा काही दोष नव्हता. पाचशे माणसांना एकाच वेळी मीठ घालता येत नाही. पण मी घरी आल्यावर बाबांना फोनवर हे सांगितलं, जरा तक्रारीच्या सुरात, आणि त्यांना त्यांच्या मिठाच्या हट्टाबद्दल इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सरळ विचारलं.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमच्या आईला मी तेच पाणी खाताना पाहिलंय."

ते नऊ-दहा वर्षांचे असतील. वाड्यात सणावाराला, श्राद्धपक्षाला पंगती बसायच्या. आधी पुरुष आणि मुलं, मग पाहुण्या बायका, मग घरच्या बायका, आणि वाढायचं संपल्यावर सगळ्यात शेवटी आजी. दुपारचे तीन वाजायचे. एकदा ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून होते. आजीने भात घेतला, आमटी तळाची राहिली होती ती घेतली, आणि कोशिंबिरीचं तसराळं ओढलं. त्यात फक्त पाणी होतं, मिठाने सुटलेलं, त्यात काकडीच्या चार बिया आणि मिरचीचा एक तुकडा. आजीने तसराळं तिरकं करून ते पाणी भातावर ओतलं आणि कालवून खाल्लं. बाबा म्हणाले, "ती म्हणाली, हे पाणी फार चविष्ट लागतं रे. आणि मला दोन दिवस ते खरं वाटलं. तिसऱ्या दिवशी मी तिला माझ्या वाटीतली कोशिंबीर दिली तर तिने ती इतकी सावकाश खाल्ली, की मला कळलं."

एवढंच ते बोलले. पुढे पाऊस आहे का तिकडे, असं काहीतरी विचारलं.

आईला मी हे सांगितलं तेव्हा तिलाही ते माहीत नव्हतं. पन्नास वर्षं ती चिडायची, "काय तो मिठाचा खेळ, पोरं उपाशी बसलीत," म्हणायची आणि नाइलाजाने गॅस बंद करून यायची. आता गुडघ्यांमुळे तिला उभं राहता येत नाही, तेव्हा टेबलाशी सगळ्यात आधी तीच बसलेली असते. बाबांचा हात थरथरतो म्हणून चोचवायची सुरी माझ्या भावाने काढून घेतली आहे. काकड्या आता मावशी चोचवतात. त्या सकाळी भाकऱ्या आणि भाजी करायला येतात. बाबांकडे दही मोडणं आणि मीठ राहिलंय.

गेल्या रविवारी मी गेले होते. वांग्याची भाजी, ज्वारीच्या भाकऱ्या, मुळ्याची कोशिंबीर. आई बसली, भाऊ बसला, वहिनी बसली, मी बसले. बाबांनी चिमूट भरली आणि विचारलं, "सगळे बसले का?"

"बसले हो, घाला आता," आई म्हणाली.

बाबा स्वयंपाकघराकडे बघत होते. तव्यावर शेवटची भाकरी फुगली होती. "मावशी?"

"मी घरी जाऊनच जेवते काका, तुम्ही घ्या."

बाबांनी चिमूट तशीच वाटीवर धरून ठेवली. वहिनी उठली, आतून एक खुर्ची ओढत आणली आणि माझ्या शेजारी लावली. मावशींनी गॅस बंद केल्याचा आवाज आला.